चिखलांतील घोडा व त्याच्या पायांचे बूट

पावसाळा सुरू झाला कीं काळ्या रानांतील वाटांवर घोड्याचा पाय घोट्यापर्यंत रुतूं लागतो. मोटारी आल्या तरी सवारीसाठीं, शर्यतीसाठीं अथवा केवळ हौसेखातर घोडें बाळगणारे शेतकरी आजही आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेंतून दरवर्षीं नवीं जनावरें ठिकठिकाणीं जातात. अशा मालकांपैकीं कित्येकजण चिखलापासून बचाव व्हावा म्हणून घोड्याच्या पायांस बूट बांधतात, आणि पुढें घोडा लंगडूं लागला म्हणजे सारा दोष चिखलास देतात. वास्तविक बूट हा माराचा बंदोबस्त आहे, ओलीचा नव्हे. हा भेद ध्यानांत न घेतल्यास बुटापासून उपकाराऐवजी अपकारच होतो.

घोड्याच्या गुडघ्याखालीं मांसल भाग जवळजवळ नसतोच. नळीच्या हाडामागून जाणाऱ्या कंडरा केवळ कातडीच्या आड असतात. निसरड्या वाटेवर तोल गेला कीं एका पायाचा नाल दुसऱ्या पायाच्या आंतल्या अंगास लागतो, किंवा मागचा खूर पुढच्या पायाच्या टाचेवर आदळतो. पहिला मार नळीचा बूट आपल्या अंगावर घेतो; टाचेसाठीं खुरावर घंटेसारखा बसणारा रबरी बूट निराळा असतो.

मात्र बुटाचा वरचा कांठ कितीही चांगला बसला, तरी चिखलाचें पाणी आंत शिरावयाचें राहत नाहीं. त्यांतील बारीक वाळू भिजून नरम झालेल्या कातडीवर कानशीप्रमाणें फिरते. अशा सोललेल्या जागीं 'डर्माटोफिलस कांगोलेन्सिस' नांवाच्या जंतूंचा सहज प्रवेश होतो. घोटा व खूर यांमधील खळग्यांत केंसांचे झुबके धरून खपल्या येतात, खालीं लस सुटते, आणि दुर्लक्ष झाल्यास पाय सुजून घोडा लंगडतो. पांढऱ्या पायांच्या घोड्यांस हा उपद्रव विशेष होतो. दुसरी गोष्ट उष्णतेची. इ. स. १९९४ मध्यें विल्सन व गुडशिप या संशोधकांनीं चौखूर धांवणाऱ्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यांत ४५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उष्णता नोंदविली. ती बाहेर पडण्यास बूट अडथळा करतो.

तेव्हां बूट निवडतांना तो पाणी किती पितो, हें प्रथम पाहावें. नमद्याचें किंवा लोंकरीचें अस्तर पाण्यानें जड होऊन खालीं घसरतें. नुसती गुंडाळलेली कापडी पट्टी चिखलांत मुळींच वापरूं नये. ती भिजली कीं सैल होते अथवा एकेठिकाणीं आवळून कंडरेस इजा करते. बाहेरून कठीण, आंतून निओप्रीन या स्पंजासारख्या रबराचें गुळगुळीत अस्तर असलेला बूट या कामीं बरा. तो पाणी थोडें धरतो व लवकर धुतां येतो. व्हेल्क्रोच्या पट्ट्यांत चिखल भरला कीं त्यांची पकड जाते, यासाठीं फार राड असेल तेथें बकलाचे पट्टे अधिक भरंवशाचे.

बूट बांधण्यापूर्वीं पाय कोरडा व निर्मळ असलाच पाहिजे. बूट किंचित् वर ठेवून केंसांच्या वळणानें खालीं ओढावा, पट्टे पायाच्या बाहेरच्या अंगास व त्यांचीं टोंकें मागें वळलेलीं असावीं. सर्व पट्ट्यांचा ताण सारखा असावा, व बुटाच्या कांठांत एक बोट सहज जावें.

काम संपतांच बूट सोडावा. ओला चिखल खराऱ्यानें घासणें सर्वांत वाईट. एक तर चिखल पूर्ण वाळूं देऊन नरम कुंच्यानें झाडावा, नाहीं तर स्वच्छ पाण्यानें हलकेच धुवून खळग्यासुद्धां पाय कोरड्या फडक्यानें टिपावा. पिछाडीचा ओला दोर त्याच खळग्यावर घासतो. तोही कोरडा पाहूनच बांधावा. खपल्या दिसल्या तर कोरड्या उपटूं नयेत. तेथील केंस कातरून, क्लोरहेक्सिडीनच्या सौम्य द्रावानें दहा मिनिटें भिजवून, नरम झालेल्या तेवढ्याच काढाव्या व जागा धुवून कोरडी करावी. ओल्या कातडीवर मलमाचा थर दिल्यास ओल आंत कोंडते. सूज वर चढूं लागली किंवा घोडा पाय टेकीना, तर पशुवैद्यास बोलावण्यास विलंब करूं नये.

बुटांचीही निगा तितकीच महत्त्वाची आहे. ते त्याच दिवशीं सौम्य साबणानें धुवावे, पट्ट्यांतील माती कुंच्यानें काढावी, आणि अस्तर बाहेर येईल असे उलटून वाऱ्यावर सावलींत टांगावे. उन्हांत अथवा चुलीजवळ वाळविल्यास रबर कडक होतें, चामडें तडकतें. चामड्याच्या पट्ट्यांस वाळल्यावर तेल द्यावें. एका घोड्याचे बूट दुसऱ्यास घालूं नयेत, कारण रोगही त्यांबरोबर जातो. पावसाळ्यांत दोन जोड असल्यास ओला बूट पुन्हां चढविण्याचा प्रसंग येत नाहीं.

बूट बांधणें हें मोतद्दाराचें पांच मिनिटांचें काम. तो सोडून पाय कोरडा करण्यास त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. ज्याच्यापाशीं तेवढी सवड नाहीं, त्यानें चिखलांतून सावकाश चालणाऱ्या घोड्यास बूट न बांधणेंच आम्हांस श्रेयस्कर वाटतें.