जुनी उघडी गाडी: भीती चुकीच्या जागी

इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाची पहिली गाडी बहुधा टोयोटा किंवा होंडा असते. मुलं झाली की त्याहून मोठी येते. पुढे मुलं कॉलेजात जातात, घर रिकामं होतं आणि मग कधीतरी छत उघडणाऱ्या दोन सीटच्या लाल गाडीचा विचार डोकं वर काढतो. चारचौघांत तो बोलून दाखवला की सल्ले सुरू. पांढरा हत्ती पोसायचाय का, पावसात गळेल, इंजिन कधी बसेल सांगता येत नाही, सुटे भाग कुठून आणणार, वर्षातून दहा दिवस वापरशील. काळजी करण्यासारख्या गोष्टी अशा गाडीत नक्की असतात. फक्त त्या या यादीत सापडत नाहीत.

जुन्या उघड्या गाड्या अनेक आहेत, आणि ब्रिटिश एमजीबीला लागू पडतं ते अल्फा स्पायडरला लागू पडेलच असं नाही. म्हणून इथे एकाच गाडीबद्दल बोलू: पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १९८९ ते १९९७ मधली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानात ती युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा ट्रक किंवा मिनीबस आठवते, पण दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये जगात सर्वाधिक खपलेली गाडी याच हिरोशिमाच्या कंपनीची आहे. दहा लाखावी एमएक्स-५ एप्रिल २०१६ मध्ये कारखान्याबाहेर पडली. त्यातल्या चार लाखांहून अधिक पहिल्या पिढीच्या.

भारतात ती कधी अधिकृतपणे विकली गेली नाही. वापरलेली आणावी म्हटलं तर आयातीचे सर्वसाधारण नियम तीन वर्षांहून जुनी गाडी येऊ देत नाहीत. उघड्या दोन आसनी गाडीचा देशी प्रयोग गोव्यात झाला होता. सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म, फायबरची बॉडी आणि रेनॉचं छोटं इंजिन. तिची गोष्ट निराळी. तिला सुटे भाग मिळवताना खरंच नाकी नऊ येतात.

‘ही ब्रिटिश गाडीची नक्कल आहे’

हा आरोप पहिल्या दिवसापासून आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी दिसली आणि जाणकारांना साठच्या दशकातली लोटस इलान आठवली. आठवणारच. माझदाच्या लोकांनी इलानचा अभ्यास केला होता, दाराची हँडलंसुद्धा तिच्याशी नातं सांगतात, आणि सायलेन्सरमधून येणारा आवाज जुन्या ब्रिटिश गाड्यांसारखा लागावा म्हणून इंजिनिअरांनी खास मेहनत घेतली होती. पण बॉडीखाली डोकावलं की साम्य संपतं. इलानला मधोमध कण्यासारखी चासी आणि वर फायबरची बॉडी; एमएक्स-५ ची बॉडी अखंड पोलादी. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत अॅल्युमिनियमची एक तुळई जाते, त्यामुळे अॅक्सिलरेटर दाबताच गाडी अंग न मुरडता पुढे सरकते. 

गाडीच्या कल्पनेचं मूळ मात्र अमेरिकेत आहे. बॉब हॉल नावाच्या पत्रकाराने १९७९ मध्ये माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं, की हलकी, स्वस्त, उघडी गाडी आता कुणी बनवत नाही, तुम्ही बनवा. पुढच्याच वर्षी एमजीबीचं उत्पादन थांबलं. उघड्या गाड्यांचे दिवस गेले असं सगळे म्हणत असताना हॉल माझदात रुजू झाला. पहिला चालता नमुना तयार केला तो इंग्लंडमधल्या वर्दिंगच्या एका कंपनीने, हा त्यातला विनोद.

‘जुनं इंजिन, कधीही दगा देईल’

सगळ्यात मोठी भीती ही, आणि सगळ्यात निराधारही. १.६ लिटरचं हे इंजिन माझदाच्या साध्या घरगुती गाड्यांमधल्या इंजिनाचा भाऊ आहे. खाली ओतीव लोखंडाचा ब्लॉक. त्यावर फार ताण टाकलेला नाही. अमेरिकेत त्याची ताकद ११६ अश्वशक्ती होती. १९९४ पासून १.८ लिटरचं आलं. वेळेवर ऑइल आणि कूलंट बदललेलं असेल तर या इंजिनांना दोन लाख किलोमीटर म्हणजे फार नाही.

टायमिंग बेल्टबद्दल हमखास ऐकू येतं की तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि इंजिनचं काम निघतं. अनेक गाड्यांत हे खरं आहे. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये नाही, कारण पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्यात इथे जागा राहते. बेल्ट तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते, टोइंगचा खर्च येतो, नवा बेल्ट बसवला की पुन्हा चालू. तरी तो साधारण एक लाख किलोमीटरला बदलावा. हायवेच्या तिसऱ्या लेनमध्ये बंद पडायला कुणाला आवडेल?

सकाळी चालू केल्यावर बॉनेटखालून टकटक येते. ऐकणारा चेहरा पाडून म्हणतो, गेलं इंजिन. ते बहुतेक वेळा हायड्रॉलिक टॅपेट असतात. गाडी बरेच दिवस उभी राहिली, ऑइल जुनं झालं, की त्यांच्यातून ऑइल उतरतं आणि ते वाजू लागतात. गरम झाल्यावर आवाज थांबत असेल तर ऑइल बदला आणि गाडी चालवत राहा.

मग खरी जोखीम कुठे? दोन जागी. पहिली १९९१ च्या मध्यापूर्वी बनलेल्या गाड्यांत. त्यांच्या क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. बेल्ट बदलताना कुणी तिथला बोल्ट नीट आवळला नाही तर पुलीची चावी हळूहळू खोबण खाते, पुली डुगडुगते आणि शेवटी क्रँकशाफ्टच बाद होतो. ओळखायची खूण सोपी आहे: पुलीवर चार खाचा असतील तर टोक आखूड, आठ असतील तर नंतरचं लांब. चार खाचांची गाडी घेऊ नये असं मी म्हणणार नाही. इंजिन चालू असताना पुली डुलत नसेल तर ती तितकीच चांगली.

दुसरी जोखीम रेडिएटरची. त्याची वरची टाकी प्लास्टिकची, मुळात काळी. वयाबरोबर ती तपकिरी होते आणि मग एके दिवशी तडकते. पाणी जातं, काटा लाल खुणेपाशी पोचेपर्यंत लक्षात येत नाही आणि हेड गास्केटचं काम निघतं. टाकी तपकिरी दिसली तर भाव करताना नव्या रेडिएटरचे पैसे वजा करा.

‘छत गळतं’

ताडपत्रीचं छत गळणारच, हे लोकांनी गृहीतच धरलंय. खरं तर एमएक्स-५ च्या छतातून पाणी आत येतं तेव्हा कापडाचा दोष क्वचितच असतो. आणि पाणी आत येणं हा त्यातला लहान त्रास आहे.

छतावर पडलेलं पाणी मागच्या कडेला असलेल्या पट्टीवरून दोन्ही बाजूंना वाहतं. तिथे सीटबेल्टच्या मागे एकेक भोक असतं. त्यातून नळी खाली उतरते आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे पाणी रस्त्यावर सोडते. कौलारू घराच्या पन्हळीसारखीच ही व्यवस्था, आणि बिघडतेही तशीच: पानं, धूळ, शेवाळ साचतं, वाट तुंबते, पाणी नको तिकडे मुरतं. घरात भिंत ओली होते, इथे दाराखालचा उंबरा. तो पत्र्याचा आणि पोकळ. आत शिरलेलं पाणी बाहेरून दिसत नाही आणि गंज आतून बाहेर येतो. मागच्या चाकापुढे रंगाला फोड आलेला दिसतो तोवर आतला पत्रा चाळणी झालेला असतो.

इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणजे खालून दुसरा हल्ला. तिथल्या वार्षिक एमओटी तपासणीत सीटबेल्ट किंवा सस्पेन्शनच्या जोडणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडलेला आढळला तर गाडी नापास होते, आणि उंबऱ्याचा मागचा भाग नेमका त्याच टप्प्यात येतो. इंजिन उत्तम असूनही भंगारात गेलेल्या बहुतेक एमएक्स-५ या उंबऱ्यापायी गेल्या.

उपाय फुकट आहे. छत अर्धं दुमडून त्या भोकात मगभर पाणी ओता आणि मागच्या चाकापुढे ते लगेच पडतं का पाहा. पडलं नाही तर मऊ, लवचीक नळीने वाट मोकळी करा. कडक तार घालू नका. आतली नळी फाटली तर पाणी कायमचं उंबऱ्यात जाईल. वर्षातून दोनदा, त्यातली एक पानगळीनंतर. हे केलंत तर बाकीच्या देखभालीत थोडा आळस चालून जाईल.

विकत घेताना साधं लोहचुंबक खिशात ठेवा. उंबऱ्याच्या खालच्या अंगाला ते चिकटलं नाही तर तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. चिकटलं तरी निर्धास्त होऊ नका. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा डकवून वर रंग मारायची पद्धत इंग्लंडातही जोरात आहे. कामाचे फोटो मागा. ज्याने नीट काम करून घेतलंय तो ते हौसेने दाखवतो.

डिकीतलं कार्पेटही उचलून पाहा, कारण या गाडीची बॅटरी तिथे असते. मूळची सीलबंद होती. पुढे कुणी स्वस्तातली साधी बॅटरी बसवून वाफ बाहेर नेणारी नळी जोडलीच नसेल तर आम्लाने तळाचा पत्रा खाल्लेला असतो.

छताच्या कापडापेक्षा नाजूक असते ती मागची प्लास्टिकची काच. तिला चेन असते. चेन उघडून काच आडवी खाली ठेवायची आणि मगच छत मागे टाकायचं, तेही कडाक्याच्या थंडीत नाही. हे न सांगता मित्राच्या हाती किल्ली दिली की काचेला घडी पडते आणि त्या घडीवरच ती चिरते. नवं छत घालायची वेळ आली तर खऱ्या काचेचं घ्यावं.

‘जपून ठेवली तर टिकेल’

गॅरेजमध्ये मऊ आच्छादनाखाली ठेवलेली, वर्षाला पाचशे किलोमीटर चाललेली गाडी जाहिरातीत फार मोहक वाटते. मी तिच्याकडे संशयाने पाहतो. उभ्या गाडीत मागच्या ब्रेकचे कॅलिपर जाम होतात, क्लचचा खालचा सिलिंडर गळू लागतो, रबरी सील सुकतात, पेट्रोल शिळं होतं. टायर तर नक्षी शाबूत असतानाच म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे ०८१२ असेल तर ते फेब्रुवारी २०१२ चं रबर आहे, मग नक्षी कितीही खोल असो. ओल्या वळणावर मागची चाकं ढकलणारी हलकी गाडी असल्या टायरवर चालवणं हा वेडेपणा आहे.

पन्नाशीतल्या माणसाला डॉक्टर जे सांगतात ते इथेही: आठवड्यातून एकदा पूर्ण गरम होईपर्यंत फिरवा.

सुटे भाग मिळत नाहीत, ही तक्रार मात्र सपशेल खोटी आहे. २०१७ मध्ये माझदाने जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली आणि त्यासाठी छत, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग, इतकंच काय, मूळ नक्षीचे ब्रिजस्टोनचे टायरही पुन्हा बनवले. अमेरिका आणि इंग्लंडात फक्त याच गाडीचे भाग विकणारी दुकानं आहेत.

‘जुनं ते सोनं, म्हणजे गुंतवणूक’

हा गैरसमज उलट्या दिशेचा आणि जास्त महागात पडणारा. १९९१ ची हिरवी ब्रिटिश रेसिंग ग्रीन आवृत्ती अमेरिकेसाठी सुमारे चार हजारच बनली, तिला चार पैसे जास्त मिळतात. पण लाखोंनी बनलेली गाडी दुर्मीळ नसते. एका उंबऱ्याच्या वेल्डिंगमध्ये दोन-तीन वर्षांची भाववाढ सहज जाते. हौसेला मोल नाही म्हणून घ्यायची असेल तर घ्या. मुदत ठेव मोडून नको.

‘बायकी गाडी’, ‘ताकद नाही’, ‘छत नाही म्हणजे जीव धोक्यात’

पहिल्याला उत्तर द्यायची इच्छा होत नाही. अमेरिकेत स्पेक मियाटा नावाचा शर्यतींचा अख्खा वर्ग याच गाडीवर चालतो, एवढं पुरे. ताकदीबद्दल म्हणाल तर शून्य ते शंभरला हिला नऊ सेकंदांच्या आसपास लागतात. आजची बरी घरगुती गाडी हिला सिग्नलवर मागे टाकेल. पण वजन एक टनाच्या आत, ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ समसमान, आणि चारही कोपऱ्यांना डबल विशबोन सस्पेन्शन. मजा वळणावर येते, तीही ताशी ऐंशीच्या आत. घाटरस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये खेळायची ही गाडी आहे, हायवेवर तास न् तास पळवायची नव्हे.

सुरक्षिततेची शंका मात्र रास्त आहे, आणि तिच्याबद्दलचा गैरसमज खुद्द मालकांमध्ये आढळतो. पुढच्या काचेची चौकट गाडी उलटल्यास आधार देईल अशी अनेकांची समजूत असते. या गाडीत तिच्यावर भरवसा ठेवू नये, आणि मागे संरक्षक कमान मुळात नाही. वरून बसवायचा हार्डटॉपही त्यासाठी नसतो. बाजारात चकचकीत स्टीलच्या कमानी मिळतात, त्यातल्या बऱ्याच निव्वळ शोभेच्या. बॉडीला बोल्टने पक्की केलेली खरी रोलबार घ्या. तिच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत झाडूचा दांडा आडवा ठेवा. बसलेल्या माणसाचं डोकं दांड्याच्या खाली राहायला हवं. डोक्याजवळच्या नळीवर पॅडिंग आवश्यक, नाहीतर किरकोळ टकरीतही तीच डोक्यात बसेल.

‘उन्हाळ्यात वापरायची गाडी’

उलट भर दुपारी, पस्तीस अंशांत उघड्या गाडीत बसून पाहा. सिग्नलला थांबलात की टाळू भाजते, आणि एसी आभाळ थंड करत बसतो. अनुभवी मालक छत उघडतात ते ऑक्टोबरच्या कोरड्या सकाळी, पाच-सात अंशांतही. काचा वर, हीटर पायांवर पूर्ण, कानटोपी आणि मफलर. वारा पुढून कमी आणि मागून मानेवर जास्त येतो, म्हणून सीटच्या मागे जाळीचा छोटा पडदा लावतात. पावसाची भुरभुर आली तर गाडी पळत असेपर्यंत बहुतेक थेंब काचेवरून डोक्यावरून निघून जातात. सिग्नल लागला की मात्र भिजायला होतं. छत हातानेच ओढायचं असतं, दोन खटके, आणि सवय झाली की जागेवरून न उठता दिवा हिरवा होईपर्यंत ते बंद करता येतं. फक्त नंतर मागच्या काचेची चेन लावायला विसरू नका.