पंचेचाळिसावा अंक

आजचे वर्तमानपत्र उद्या रद्दीत, असे आपण म्हणतो. आणि बहुधा ते खरेच असते. पण एखादा मजकूर असाही निघतो की, त्याच्या पायी देशाचा कायदा बदलतो. लंडनच्या ‘द नॉर्थ ब्रिटन’ या साप्ताहिकाच्या ४५ व्या अंकाचे तसेच झाले.

हा अंक निघाला २३ एप्रिल १७६३ रोजी. त्यात लेखकाचे नाव नव्हते. लिहिणारा होता जॉन विल्क्स, पार्लमेंटचा सभासद. फ्रान्सशी नुकताच तह झाला होता आणि तिसऱ्या जॉर्ज राजाने पार्लमेंटपुढील भाषणात त्याची तारीफ केली होती. विल्क्सचे म्हणणे असे की, राजाचे भाषण मंत्रीच तयार करतात. तेव्हा त्यातल्या असत्याचा जाबही त्यांनीच द्यावा.

झाले! सरकारचे पित्त खवळले. मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी वॉरंट काढले. पण त्यात नाव कोणाचेच नाही! अंकाचे लेखक, मुद्रक आणि प्रकाशक यांना पकडावे, एवढेच मोघम शब्द. म्हणजे कोणाला धरायचे नि कोणाचे कपाट फोडायचे, हे शिपायांनीच ठरवायचे. जवळजवळ ५० माणसे पकडली गेली. विल्क्सचे कागदपत्र उचलले गेले आणि खुद्द त्याची रवानगी टॉवरच्या किल्ल्यात झाली.

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ मोठा सत्पुरुष असला पाहिजे. छे, छे! चैनी, कर्जबाजारी आणि जिभेला हाड नसलेला, अशी त्याची ख्याती. पण घरात शिरणाऱ्या शिपायाजवळ कायदेशीर अधिकार हवा की नको, हा प्रश्न चारित्र्याचा नव्हता. सभासद म्हणून विल्क्सची सुटका झाली आणि मग त्याने व मुद्रकांनी सरकारी माणसांवरच फिर्यादी ठोकल्या. विल्क्सला १,००० पौंड भरपाई मिळाली. १७६५ साली एन्टिक नावाच्या दुसऱ्या लेखकाच्या खटल्यात न्यायाधीश कॅम्डन यांनी स्पष्ट केले की, झडतीला कायद्याचा आधार हवा. सरकारची गरज एवढे कारण पुरत नाही. १७६६ मध्ये कॉमन्स सभेनेही मोघम वॉरंटांचा निषेध केला.

मधल्या काळात विल्क्स फ्रान्सला पळाला होता. १७६८ मध्ये तो परतला, मिडलसेक्समधून निवडून आला आणि तुरुंगातही गेला. १७६९ मध्ये सभेने त्याला काढले. मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडले. अखेर सभेने १,१४३ मतांचा विल्क्स बाजूला सारून २९६ मतांच्या लटरेलला निवडून आल्याचे ठरवले! मग प्रतिनिधी कोणी निवडायचा, मतदारांनी की सभेने? सभेला उत्तर द्यायला १७८२ साल उजाडले. त्या वर्षी तिने आपला १७६९ चा ठराव दप्तरातून खोडून टाकला.

तोवर आणखी एक गोष्ट घडली होती. सभेतील चर्चा छापायला तेव्हा बंदी असे. १७७१ मध्ये त्या छापणाऱ्या एका मुद्रकाला पकडून लंडन शहराचा अधिकारी असलेल्या विल्क्ससमोर आणले. त्याने त्याला सरळ सोडून दिले! सभेने चिडून लंडनच्या लॉर्ड मेयरला टॉवरमध्ये धाडले; पण त्यानंतर छपाई काही थांबली नाही.

पार्लमेंटात आपला प्रतिनिधी काय बोलला, हे इंग्रज नागरिकाला वर्तमानपत्रात वाचायला मिळू लागले, ते या भांडणामुळे. सत्पुरुषाची वाट पाहत बसते, तर ते घडले नसते.