जखमींची वाटणी

२ जून २०२३ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास ओडिशातील बहानगा बाजार स्थानकापाशी कोरोमंडल एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर आदळली आणि तिचे घसरलेले डबे हावड्याकडे जाणाऱ्या दुसऱ्या गाडीस लागले. २९० हून अधिक माणसे दगावली. जखमी हजारावर होते.

जिल्ह्याच्या इस्पितळातील खाटा, डॉक्टर आणि रक्ताच्या बाटल्या यांचा हिशेब रोजच्या गरजेवर बेतलेला असतो. एका रात्रीत हजार जखमी येतील असे धरून कोणी इस्पितळ बांधीत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून अशा प्रसंगाची तयारी करावयाची ती साऱ्या प्रदेशाने.

यातली मेख अशी, की ज्यांना चालता येते असे किरकोळ जखमीच बहुधा जवळच्या इस्पितळात आधी पोहोचतात. डब्याखाली अडकलेला मरणोन्मुख मनुष्य येतो तोवर दारे भरलेली असतात. यासाठी घटनास्थळीच निवड व्हावी लागते. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे याने दर्जा न पाहता जखम पाहून उपचारांचा क्रम लावण्याचा दंडक घातला होता. आज जखमींना रंगीत चिठ्ठ्या बांधतात: तातडीच्यास लाल, थोडे थांबू शकेल त्यास पिवळी, चालत्यास हिरवी आणि काळी मृतास. परंतु जो अद्याप श्वास घेत आहे, पण वाचण्याची आशा नाही, त्यालाही कित्येकदा मागे ठेवावे लागते. एरवी अशाच रोग्यासाठी जिवाचे रान करणाऱ्या डॉक्टरच्या हातून हे सहजी कसे घडावे? त्यासाठी आधी सराव लागतो.

बहानग्यात सर्वांआधी धावले ते आसपासचे गावकरी. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशाने उभारलेले आपत्ती दलही मदतीस आले. जखमींची वाटणी सोरो, बालेश्वर, भद्रक येथील इस्पितळांत झाली. अनेकांना कटकला हलविले. रक्तदानासाठी रात्रीच रांगा लागल्या.

मृतांची व्यवस्था मात्र अशा योजनांत बहुधा शेवटच्या पानावर असते. येथे प्रेते प्रथम गावच्या शाळेत ठेवावी लागली; पुढे त्या वर्गांत मुले बसेनात, तेव्हा ती इमारतच पाडण्यात आली. ओळख न पटलेली प्रेते भुवनेश्वरच्या एम्समध्ये शीतगृहात राहिली. डीएनए तपासणीने बहुतेकांचे आप्त सापडले. उरलेल्या २८ जणांना ऑक्टोबरमध्ये अग्नी देण्यात आला.