बायोचा भरतपट

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील बायो या नगरात जतन झालेल्या ज्या पटाला ‘टॅपेस्ट्री’ म्हणण्याची वहिवाट पडली आहे, तो वस्तुतः मागावर विणलेला नाहीच. जवसाच्या धाग्यांच्या पांढुरक्या कापडावर लोकरीच्या दोऱ्यांनी केलेले ते भरतकाम आहे. नऊ तुकडे जोडून सिद्ध केलेल्या या पट्टीची लांबी सुमारे ७० मीटर, तर उंची जेमतेम अर्धा मीटर भरते.

ज्याने हाती सुई धरली आहे, त्याला या कामाचे मर्म विशेष उमगेल. आकृतीची कड दोरीसारखा पीळ दिसणाऱ्या टाक्याने काढायची, आतल्या जागेत दोरे एकमेकांना खेटून अंथरायचे, त्यांवर अंतराअंतराने आडवे दोरे टाकायचे आणि तेही बारीक टाक्यांनी कापडाशी जखडायचे. या रीतीने लोकर बहुतांशी दर्शनी बाजूसच राहते आणि रंग भरगच्च उठतो. छायाप्रकाशाचा उपाय हाताशी नसताना, घोड्याचे अलीकडचे पाय एका रंगात आणि पलीकडचे दुसऱ्याच रंगात भरून या कारागिरांनी खोलीचा भास साधला, ही युक्ती मला आजही थक्क करते.

पटावर भरलेली कथा सर्वश्रुत आहे. इंग्लंडचा निपुत्रिक राजा एडवर्ड जानेवारी १०६६ मध्ये वारला आणि त्याचा मेहुणा हॅरल्ड तख्तावर बसला. हॅरल्डने आपल्यापुढे शपथ वाहिली होती असा दावा सांगून नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम फौजेसह समुद्र ओलांडून आला, आणि १४ ऑक्टोबर रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत हॅरल्ड पडला. हॅरल्डच्या राज्यारोहणापाठोपाठ पटावर शेंडेनक्षत्र उगवते आणि माणसे वर बोटे दाखवतात. तोच हॅलीचा धूमकेतू.

हा पट विल्यमचा सावत्र भाऊ, बायोचा बिशप ओडो याने करविला आणि भरणारे हात मात्र इंग्लंडातले, बहुधा केंट परगण्यातले होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे जेत्यांची बखर जितांनी भरली. म्हणूनच रणधुमाळीपेक्षा लढाईपूर्वीच्या एका लहानशा प्रसंगाशी माझे मन अडते. दोन इसम पेटत्या मशाली एका घराला लावीत आहेत आणि त्याच घराबाहेर एक बाई मुलाचा हात धरून उभी आहे. वरच्या लॅटिन अक्षरांत घर जाळले जात आहे एवढाच मजकूर, बाईविषयी चकार शब्द नाही. तरीही कोणीतरी तिचा पदर आणि मुलाची मूठ तितक्याच निगुतीने भरली. हॅरल्डच्या मृत्यूपाशीही, त्याचा हक्कच अमान्य करणाऱ्यांसाठी भरलेल्या या पटात, त्याच्या नावापुढे ‘राजा’ हे बिरूद कायम आहे, आणि खालच्या किनारीत मृतांच्या अंगावरून चिलखते ओरबाडली जात आहेत. विजयोत्सवासाठी एवढे दुःख भरण्याचे कारण नव्हते. ते हातांतून उतरले असावे, असे मला मनापासून वाटते.

बायोच्या कॅथीड्रलच्या जामदारखान्यातील १४७६ सालच्या यादीत या पटाची नोंद सापडते. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ मध्ये, लष्करी गाड्यांवर आच्छादन म्हणून तो जाणार होता. गावातल्या एका वकिलाने तो वाचविला. अखेरचा भाग मात्र केव्हाच नष्ट झाला. विल्यमचा राज्याभिषेक तेथे भरलेला असावा, असा तर्क आहे. आज पट संपतो तो रण सोडून पळणाऱ्या इंग्रज सैनिकांपाशी.