सायकल मुलीच्या मापाची हवी!

ब्लाउज शिवायला टाकताना आपण मापाचा ब्लाउज सोबत देतो. चप्पल घेताना दुकानातच दोन पावलं चालून बघतो. मग लेकीची सायकल घेतानाच 'जरा मोठी द्या, पोरगी वाढत्या अंगाची आहे' असं का म्हणतो बरं? शिवाय 'तिच्या बाबांनाही बाजारात न्यायला होईल' हा हिशेब मनात असतोच. मग ती आठवीतली पोर सीटवर कधी या बाजूला, कधी त्या बाजूला घसरत, पायाच्या बोटांनी पायडल शोधत शाळेला जाते.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात ही गोष्ट लहान नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या कितीतरी मुलींना हायस्कूलसाठी दुसऱ्या गावी जावं लागतं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. ही रक्कम २०२२ मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. पैसे मुलीच्या खात्यात येतात, म्हणजे सायकल निवडायची ती आपणच. सायकलीने काय होतं, ते बिहारने दाखवलं आहे. तिथे २००६ मध्ये मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा हायस्कूलमध्ये जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं.

पण सायकल मिळणं वेगळं आणि ती रोज चालवता येणं वेगळं. गावोगावी फिरताना अंगणात धूळ खात पडलेल्या सायकली मला दिसतात. विचारलं की उत्तर येतं, 'तिला जमतच नाही.' 'गुडघे दुखतात म्हणते.' 'दोनदा पडली, आता नको म्हणते.' दोष सायकलीच्या मापाचा आणि नाव मात्र पोरीचं! आणि सायकल सुटली, की कधी कधी शाळाही सुटते.

माप घरीच घ्या

यात उंचीपेक्षा पायाची लांबी महत्त्वाची. मुलीला अनवाणी भिंतीला टेकून उभी करा. दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक आडवं धरून अलगद वर सरकवा आणि त्याची वरची कड भिंतीवर पेन्सिलीने खुणेत घ्या. जमिनीपासून खुणेपर्यंत शिवणाच्या टेपने मोजा. दुकानात मुली लाजतात, म्हणून हे काम आईनेच घरी केलेलं बरं.

शर्यतीच्या रोड बाइक चालवणारे या मापाला ०.८८३ ने गुणतात. जे उत्तर येईल, तेवढं अंतर दोन्ही पायडलांच्या मधल्या धुऱ्यापासून सीटच्या वरपर्यंत असावं, असा त्यांचा ठोकताळा आहे. समजा, मुलीच्या पायाचं माप ६६ सेंटिमीटर आलं. तर सीट साधारण ५८ सेंटिमीटरवर हवी. आता २२ इंची फ्रेमची सायकल बघा. तिची सीटखालची नळीच जवळपास ५६ सेंटिमीटर असते. त्यावर स्प्रिंगवाली सीट बसली, की उंची साठीच्या पुढे जाते. सीट पार खाली केली तरी ती पोरीला उंचच पडणार!

आणखी एक घोळ लक्षात ठेवा. दुकानदार जो आकडा सांगतो, तो कधी फ्रेमचा असतो, कधी चाकाचा. मोठ्या काळ्या सायकलीला २२ किंवा २४ म्हणतात, तेव्हा तो बहुधा फ्रेमचा आकडा असतो. मुलींच्या रंगीत सायकलीला २४ किंवा २६ म्हणतात, ते चाक असतं. म्हणून आकड्यावर विसंबू नका, मुलीला सोबत न्या आणि बसवून बघा.

बसवून काय बघायचं?

मुलगी सीटवर बसली, की पायडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवायला सांगा. पाय सरळ झाला, तर उंची बरोबर. मग तिने पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला, की गुडघा जरासा वाकलेला राहतो. नवशिकी असेल तर सुरुवातीला सीट याहून थोडी खाली ठेवा, म्हणजे जमिनीवर पाय टेकतील. हात बसला की वर करा.

हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं असावं. हात ताठ होऊन खांदे पुढे ओढले जात असतील, तर हँडल लांब आहे. ब्रेकची पट्टी बोटांत नीट येते का, हे तर बघाच.

दुखणं कुठे, कारण कुठे?

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल, तर बहुतेक सीट फार खाली आहे. गुडघ्यामागे ताण येतो, कंबर डावी-उजवीकडे हलते, तर सीट फार वर. मान आणि मनगट दुखतं, तर हँडल लांब. 'सवय होईल हळूहळू' म्हणून पोरीला गप्प करू नका.

मापाची ही अडचण काही आपल्याच मुलींची नाही. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये खास बायकांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली. ठेंगण्या बायकांना फ्रेम नीट बसावी म्हणून त्यांनी चक्क पुढचं चाक लहान केलं! बाईने बदलायचं नाही, सायकलीने बदलायचं, हा साधा विचार त्यामागे होता. आणि लेडीज की जेन्ट्स, यावरही फार अडून बसू नका. १९९० नंतर तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत साक्षरता मोहिमेत बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेन्ट्स घेतल्या आणि पुढच्या दांडीवर मुलाला बसवलं. दांडी असो वा नसो, माप जुळलं पाहिजे.

सायकल आधीच घरात आली असेल, तरी बिघडलं नाही. एका पान्याने सीट आणि हँडल वर-खाली होतं. फक्त सीटच्या दांडीवर शेवटची खूण असते, तिच्या वर दांडी काढू नका. फारच मोठी असेल, तर मोठ्या बहिणीच्या सायकलीशी किंवा वरच्या वर्गातल्या मुलीशी अदलाबदल करा. मुलगी वर्षभरात वाढते, तेव्हा दर जूनमध्ये माप नव्याने घ्या.

बचत गटातल्या मैत्रिणींनो, एवढं तर आपण करू शकतो ना? शाळा सुरू झाली, की एका शनिवारी गावातल्या सायकलवाल्या भाऊंना शाळेच्या मैदानात बोलवा. एक टेप, एक पाना आणि दोन तास, एवढंच लागेल. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधल्या निसरड्या रस्त्याने जाणाऱ्या पोरींचे पाय पायडलवर नीट टेकले, तर त्यांची दहावीपर्यंतची वाट नक्कीच सोपी होईल.