धेनुकाकटच्या सुताराची पाटी

एकवीरेचं दर्शन झालं की बरीच गर्दी कार्ल्याच्या चैत्यगृहात डोकावते, छताच्या लाकडी फासळ्यांकडे मान वर करून बघते आणि फोटो काढून बाहेर पडते. दाराशी कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तिथे एका सुताराची नोंद आहे. नाव सामी, बापाचं नाव वेणुवास, गाव धेनुकाकट, आणि काम म्हणजे हे दार. जवळच सिंहदत्त, त्याच गावचा, सुगंधी द्रव्यं विकणारा. व्हरांड्याच्या एका टोकाला वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल शेठ. त्याने तर हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह आहे असं बेधडक कोरून घेतलंय. जाहिरातबाजी काही आजची नाही!

या लेखांना सुमारे दोन हजार वर्षं झाली. कोकणातल्या बंदरांवरून बोरघाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची ही वाट. वाटेवर माणसं आपलं नाव, गाव आणि धंदा कोरून ठेवत होती. मावळात आज कुणी नवा धंदा काढून वेबसाइट करायला बसलं, तर पहिल्या पानावर हेच तीन शब्द येतात. त्या तीन शब्दांमागे जी यंत्रणा उभी राहते, ती मात्र डोकं चक्रावून टाकणारी आहे.

समजा, नाणे मावळातल्या एका बचत गटातल्या चौघींना इंद्रायणी तांदूळ थेट मुंबई-पुण्याच्या घरांत पोचवायचाय. तांदूळ अगदी घरचा: हे वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातलं, १९८७ चं, आंबेमोहोराचा वास आणि आयआर-८ चं उत्पन्न एकत्र आणण्याच्या खटपटीतून आलेलं. चौघींना लागतात तीन गोष्टी: पाटी, गाळा आणि माल. पाटी म्हणजे डोमेन, वेबसाइटचं नाव. गाळा म्हणजे होस्टिंग, चोवीस तास चालू असणाऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवरची भाड्याची जागा. माल म्हणजे पानं आणि फोटो. लोक या तिन्हींची गल्लत करतात. पाटी घेतली म्हणजे दुकान थाटलं, असं समजून महिनोन् महिने वाट बघणारे मी पाहिलेत.

सगळ्यांत गंमत पाटीची. लोणावळ्याच्या बाजारात मगनलाल या नावाच्या पाट्या एकाहून अधिक दिसतात, प्रत्येकीच्या पुढेमागे वेगळं बिरुद. गिऱ्हाईक गोंधळतं, मग जिथे गाडी लावायला जागा मिळेल तिथली चिक्की घेतं. इंटरनेटवर ही सोय नाही. एक अख्खं नाव जगात एकाच्याच ताब्यात असतं. अंटार्क्टिकापर्यंत दुसरा धनी नाही. आणि तेही विकत मिळत नाही, वर्षाच्या कराराने मिळतं. डॉट इनचं नाव साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर. मुदत चुकली की पाटी उतरते. १९९९ च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या एका नावाचे पैसे भरायला विसरली आणि लोकांना हॉटमेल उघडेना. शेवटी एका तिऱ्हाईत प्रोग्रॅमरने पदरचे पस्तीस डॉलर भरून ते नाव वाचवलं. चौघींनी एवढं बघावं की नावाची नोंदणी गटाच्या ईमेलवर झालीय, वेबसाइट करून देणाऱ्या भाच्याच्या नाही.

आता नाव लिहायचं कसं? रोमन लिपीत ण आणि ळ यांना घर नाही. म्हणून ‘लोणावळा’ कुणी व्ही घालून लिहितं, कुणी डब्ल्यू, कुणी मधला ए गाळतं. गिऱ्हाइकाने चुकीचं स्पेलिंग टाइप केलं की ते दुसऱ्याच्या दारात. यावर उतारा २०१४ साली आला: नावाच्या शेवटी ‘.भारत’, अख्खं नाव देवनागरीत. पण पोटातलं यंत्र जुनंच. त्याला इंग्रजी सव्वीस अक्षरं, दहा आकडे आणि एक आडवी रेघ, एवढीच बाराखडी येते. मग ब्राउझर गुपचूप भाषांतर करतो. ‘भारत’चं होतं एक्स, एन, दोन आडव्या रेघा, एच, २, बी, आर, जे, ९, सी. आपण भारत लिहितो, तार हे अगम्य काहीतरी वाहून नेते, आणि पलीकडे भारतच पोचतो. (तसंच ‘चिक्की’. आपल्या कानाला अक्षरं दोन. कॉम्प्युटर मोजतो सहा: च, वेलांटी, क, हलन्ताची खूण, पुन्हा क, पुन्हा वेलांटी.)

नाव ठरलं. आता दादरच्या एखाद्या स्वयंपाकघरात कुणीतरी ते फोनवर टाइप केलं. फोनला नावाशी काही घेणंदेणं नाही, त्याला हवा आकड्यांतला पत्ता. सुरुवातीला इंटरनेटवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची एकच यादी होती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. यादी फुगायला लागली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यादीच मोडीत काढली. त्यांची युक्ती मावळी माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. कामशेतच्या नाक्यावर तुम्ही आडगावातल्या एखाद्याचं घर विचारलंत, तर नाक्यावरच्याला ते ठाऊक नसतं. तो म्हणतो, ‘नाण्याच्या रस्त्याला लागा, पुढे विचारा.’ पुढचा म्हणतो, ‘ओढ्यापलीकडची वाडी, तिथे विचारा.’ वाडीतला थेट दार दाखवतो. कुणालाच सगळा मावळ पाठ नाही, आणि तरी कुणी चुकत नाही.

नेमकं हेच. दादरचा फोन आपल्या इंटरनेट कंपनीच्या वाटाड्याला विचारतो. वाटाड्या जगाच्या मूळ नाक्यावर जातो. या नाक्यांना ए ते एम अशी तेरा नावं आहेत. प्रत्यक्षात जगभर हजाराहून अधिक ठिकाणी ती यंत्रं बसलीत, मुंबईतही. नाका म्हणतो, ‘डॉट इनवाल्यांना विचारा.’ डॉट इनवाले म्हणतात, ‘या नावाचा हिशेब अमक्याकडे.’ तो अमका आकडे देतो. तीन दारं ठोठावून झाली, डोळ्याची पापणी अजून लवली नाही. वाटाड्या उत्तर काही तास लक्षात ठेवतो, म्हणजे पुढच्याला इतकं विचारत बसावं लागत नाही. म्हणूनच गाळा बदलला की काही जणांना दिवसभर जुनंच दुकान दिसत राहतं. बिघाड काही नसतो, वाटाड्याची आठवण जुनी असते.

पत्ता मिळाला तरी दार सापडलं असं नाही. स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये एकाच पत्त्यावर शेकडो वेबसाइटी नांदतात. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजाशी उभं राहून ‘कुणाकडे आलात?’ला उत्तर द्यावं लागायचं, तसं ब्राउझर प्रत्येक विनंतीत पुन्हा नाव सांगतो, आणि मग वाडा त्या बिऱ्हाडाकडे बोट दाखवतो.

मग माल निघतो, आणि निघतो तो तुकड्यातुकड्यांत. एक तुकडा जेमतेम दीड हजार बाइटांचा. फोनवर काढलेला भाताच्या खाचराचा पाच एमबीचा फोटो म्हणजे असे तीन हजारांहून जास्त तुकडे, प्रत्येकावर क्रमांक. ते मागेपुढे पोचतात, काही हरवतात, हरवलेले पुन्हा मागवले जातात, आणि पलीकडे चित्र जसंच्या तसं उभं राहतं. वेगाचं म्हणाल तर काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. लोणावळा ते सीएसएमटी हा १२८ किलोमीटरचा रेल्वेमार्ग त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही लागत नाही. १८६३ साली याच घाटात रूळ पडले तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. आजही चढणीला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावावी लागतात. प्रकाशाला चढण नाही.

पण हा झाला काचेतला प्रवास. शेवटचा टप्पा मोबाइलच्या टॉवरवरून हवेतून आहे, आणि पावसाळ्यात पवनेच्या काठी किंवा राजमाचीच्या वाटेवर फोनची एकच कांडी उभी असते. तिथे तीन हजार तुकडे म्हणजे एकेरी पुलावर वऱ्हाडाच्या गाड्या. फोटो लहान करून दोनशे केबीवर आणला, तर दीडशेच्या आत तुकड्यांत काम भागतं, आणि फोनच्या पडद्यावर डोळ्याला फरकही कळत नाही. माझ्या मते नव्या वेबसाइटवर सर्वांत जास्त मेहनत इथे घ्यावी. गोल फिरणारी चित्रं आणि आपोआप वाजणारी सनई नंतर बघता येईल.

राहिला शिक्का. शिवकाळात पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपल्यावर मोर्तब उमटायचं, म्हणजे खाली कुणी चार ओळी घुसडू नयेत. आपला ‘शिक्कामोर्तब’ तिथूनच आला. वेबसाइटला हेच काम प्रमाणपत्र करतं: मजकूर वाटेत कुणी वाचला नाही, बदलला नाही, आणि तो खरोखर त्याच नावाच्या दारातून आला. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून ते सर्वांना फुकट देते. मात्र शिक्का खरा म्हणजे माणूस खरा, असं नव्हे. पाटीवरचं नाव आणि दार एकच आहे, एवढीच त्याची हमी. लोक ब्राउझरमध्ये नावाशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चित्राला सचोटीचा दाखला समजायला लागले, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं. विकेंडच्या मुक्कामासाठी तंबूचे पैसे ऑनलाइन आधी भरताना हे लक्षात असलेलं बरं.

मग माणूस ओळखायचा कशावरून? २०२० चे ई-कॉमर्सचे नियम सांगतात की ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, धंद्याचा पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचा संपर्क उघड लिहावा. खाण्याचा पदार्थ असेल तर वर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक. म्हणजे पुन्हा सामी सुताराचीच ओळ: कोण, कुठला, काय करतो.

वेबसाइट सुरू झाली की पहिल्या काही मिनिटांतच भेटी दिसायला लागतात. चौघी हरखतील, पण ती माणसं नव्हेत. नव्या प्रमाणपत्रांच्या नोंदी जाहीर असतात, त्यांवर डोळा ठेवून असलेली यंत्रं कुठून कुठून येऊन दार ढकलून बघतात, कडी नीट लागलीय का. माणूस सावकाश येतो. तो सगळी पानं वाचतो, भाव बघतो, भाताचे फोटो मोठे करून बघतो. मग खालच्या फोन नंबरवर बोट ठेवतो आणि विचारतो, ‘ताई, तांदूळ नवा आहे की जुना?’