स्नोबोर्ड भाड्यानं घेताय? उतारावर जाण्याआधी बाइंडिंग तपासा

आटपाडी : इथं बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर. पण गलाई व्यवसायामुळे या भागातली कुटुंबं देशभर विखुरलेली. त्यातलं कुणी हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीला गेलं, की स्नोबोर्ड भाड्यानं घ्यायचा मोह होतोच. लक्ष मात्र फळीच्या रंगाकडे असतं. पाहायला हवं ते बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला जखडणारा पट्ट्यांचा सांगाडा.

पडल्यावर स्कीचं बाइंडिंग सुटतं, स्नोबोर्डचं सुटत नाही. दोन्ही पाय अडकलेले, म्हणून माणूस हात टेकवतो. नवशिक्यांची मनगटं मोडतात ती अशी. मनगटाचे गार्डही मागून घ्याच.

नवशिक्यानं मऊ ते मध्यम बाइंडिंग निवडावं. कडक असेल तर पाय जरा हलला तरी फळी वळते. माप बूट घालूनच बघा. पट्टे आवळल्यावर टाच उचलता कामा नये.

आता जोडणी. आधी पुढचा पाय ठरवा. घसरताना आपसूक पुढे जातो तोच. डावा असेल तर ‘रेग्युलर’, उजवा असेल तर ‘गूफी’. पायांतलं अंतर साधारण खांद्यांइतकं किंवा किंचित जास्त. पुढचा पाय १५ अंश पुढच्या बाजूला, मागचा ६ ते ९ अंश उलट दिशेला वळवा. खुणा मधल्या चकतीवर असतात. बुटाची टाच आणि चवडा फळीबाहेर सारखेच डोकावले पाहिजेत.

दुकानात गर्दी असली तरी चकतीचे स्क्रू आपल्यासमोर आवळून घ्या. दोन-चार फेऱ्यांनंतर ते ढिले होऊ शकतात, तेव्हा पुन्हा बघा.